गाठ वाढवायची, पण कशावर?

माणसाच्या कॅन्सरची गाठ प्रयोगशाळेत वाढवायची असेल, तर ती बहुतेक वेळा उंदराच्या कॅन्सरच्या गाठीवर वाढवली जाते. ऐकायला चमत्कारिक वाटेल, पण यात अतिशयोक्ती नाही. मॅट्रिजेल नावाचा जो चिकट द्राव जगभरच्या पेशी-प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये असतो, तो उंदरांतल्या एका विशिष्ट सार्कोमाचा अर्क आहे. ही गाठ जिवंत उंदरांच्या अंगात वाढवायची, उंदीर मारून ती काढायची, तिचा लगदा करून धुवायचा आणि त्यातली प्रथिनं विरघळवून बाटलीत भरायची. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिंडा क्लाइनमन, जॉर्ज मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हे तंत्र बसवलं. बर्फावर ठेवला की हा द्राव पातळ राहतो, अंगाच्या उबेला आणला की त्याची जेली होते, आणि त्या जेलीत पेशी अशा रमतात की आज चाळीस वर्षं झाली तरी त्याची जागा दुसऱ्या कशाने घेतलेली नाही.

पंधराएक वर्षांपूर्वी मी एका प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक होते, तेव्हा या बाटलीशी माझी ओळख झाली. ओळख कसली, धाकच. उणे वीस अंशांवर ठेवायची. वापरायच्या आदल्या रात्री बर्फात गाडून फ्रीजमध्ये ठेवायची. पिपेटच्या टोप्यासुद्धा आधी गार करायच्या, कारण पारा दहा अंशांच्या वर गेला की ती घट्ट व्हायला लागते. गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एक पार्सल आलं. आम्ही सगळे निघून गेलो होतो. वॉचमननं ते नीट, अगदी काळजीनं, आपल्या केबिनमध्ये ठेवलं. सुट्टी संपवून आलो तोवर ड्राय आइस उडून गेला होता आणि बाटलीत साबुदाण्याच्या खिरीसारखा थरथरता गोळा होता. नवी ऑर्डर, नवे तीन कोटेशन, पुन्हा खरेदी समिती, पुन्हा कस्टम्स. तोपर्यंत ज्या रुग्णांच्या गाठीचे तुकडे ऑपरेशन थिएटरमधून आमच्याकडे येणार होते, ते येऊन वाया गेले. चूक कुणाचीच नव्हती, किंवा असली तर आमचीच. पण तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला आहे: कॅन्सर आपल्याकडचा, रुग्ण आपले, पेशी आपल्या, मग त्या पेशींच्या अंगाखालची गादी एवढी दूरवरून, एवढ्या थंडीत गुंडाळून का आणावी लागते?

आधी गादी लागतेच का, ते सांगायला हवं. प्लास्टिकच्या बशीच्या तळाशी पेशी वाढवणं सोपं असतं. त्या तळाला चिकटतात, तळलेल्या अंड्यासारख्या पसरतात आणि एका थरात वाढत राहतात. पण शरीरातली कुठलीही पेशी अशी पसरून पडलेली नसते. तिच्या चहूबाजूंनी शेजारी असतात, शेजाऱ्यांच्या मधून प्रथिनांची आणि साखरेच्या साखळ्यांची जाळी असते, आणि त्या जाळीला धरून ती उभी असते. मिना बिसेल या मूळच्या इराणी संशोधक बाईंनी कॅलिफोर्नियात आयुष्यभर हाच मुद्दा लावून धरला, की पेशीनं कसं वागायचं हे तिच्या जनुकांइतकंच तिच्या भोवतीची जाळी ठरवते. स्तनाच्या निरोगी आणि कॅन्सरग्रस्त पेशी प्लास्टिकवर वाढवल्या तर बघणाऱ्याला फरक कळणं कठीण जातं. त्याच पेशी जेलीत सोडल्या की निरोगी पेशी काही दिवसांत पोकळ, सुबक गोळे करतात आणि कॅन्सरच्या पेशी बेशिस्त ढीग रचतात. १९९७ साली बिसेल यांच्या चमूनं त्याहून मोठा धक्का दिला. पेशी ज्या हातांनी जाळी धरते त्यातला एक हात त्यांनी प्रतिपिंडानं अडवला, तर कॅन्सरच्या पेशींनी जनुकांतला बिघाड तसाच ठेवून निरोगी पेशींसारखे गोळे केले.

औषधांच्या बाबतीत हा फरक थेट जिवाशी येतो. गोळ्यात वाढलेल्या पेशींपैकी बाहेरच्या थराला प्राणवायू आणि साखर भरपूर मिळते, म्हणून त्या भराभर विभागतात. आतल्या सुस्त पडून राहतात. गोळा अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे गेला, म्हणजे अजून खसखशीच्या दाण्याएवढाही झाला नाही, की मधला गाभा गुदमरून मरू लागतो. खऱ्या गाठीतही हेच होतं. पसरलेल्या पेशींना डॉक्सोरुबिसिनसारखं औषध सहज मारतं. गोळ्यातल्या पेशींपर्यंत ते पोचता पोचता दमतं, आणि पोचलं तरी सुस्त पेशींवर त्याची मात्रा चालत नाही. प्रयोगशाळेत झकास ठरलेली बहुसंख्य कॅन्सरची औषधं माणसांवरच्या चाचण्यांत गळतात, त्याची कारणं अनेक आहेत, पण सपाट बशी हे त्यातलं एक आहे.

म्हणजे त्रिमितीय वाढ ही चैन नव्हे. भारतात २०२२ साली चौदा लाखांवर नवे कॅन्सर रुग्ण नोंदले गेल्याचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे; पुरुषांत पहिला नंबर तोंडाच्या कॅन्सरचा. गुटखा, मावा, मिश्री यांच्या या कॅन्सरवर पाश्चात्त्य कंपन्या जीव ओतून काम करतील अशी आशा कुणी करू नये. ते काम आपल्या प्रयोगशाळांनी करायचं आहे, आणि खारघरच्या किंवा पुण्याच्या दोन-चार मोठ्या संस्थांपुरतं ते राहिलं तर पुरणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे, की या कामाला लागणारा आधार-पदार्थ स्वस्त, नैसर्गिक आणि इथे मिळणारा असू शकतो. पण त्यासाठी सरकारी पैसा आज जिथे जातो तिथे न जाता दुसरीकडे जायला हवा. तो दुसरीकडे म्हणजे कुठे, हे सांगायच्या आधी थोडं स्वयंपाकघरात जाऊ.

सूक्ष्मजीवशास्त्र ज्या आगरवर उभं आहे, ते स्वयंपाकघरातूनच आलं. रॉबर्ट कॉख आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवत असे. मग त्यानं जिलेटिन वापरून पाहिलं, तर ते उबेला पातळ व्हायचं आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. १८८१ साली त्याच्या सहकाऱ्याच्या, वाल्टर हेसेच्या, बायकोनं उपाय सुचवला. फॅनी हेसे घरी जेली करायला आगर वापरायची. जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून तिला ते कळलं होतं. समुद्री शैवालाचा हा अर्क उकळीच्या जवळ गेल्याशिवाय वितळत नाही आणि जंतूंनाही सहसा पचत नाही. कॉखनं क्षयाच्या जंतूवरच्या १८८२च्या लेखात आगरचा उल्लेख एका वाक्यात उरकला आणि फॅनीचं नाव घेतलं नाही. आपल्याकडे हाच पदार्थ किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतो आणि पुडिंगमध्ये जातो. तेव्हा 'किचनमधलं सामान विज्ञानात चालत नाही' असं नाक मुरडणाऱ्यांनी आपल्याच लॅबमधल्या पेट्री डिशकडे एकदा बघावं.

आगर शुद्ध केलं की अ‍ॅगरोज मिळतं. डीएनए तपासणाऱ्या प्रत्येक कॉलेजात त्याची बाटली असते. मी आता जिल्ह्याच्या गावी शिकवते. आमच्याकडे मॅट्रिजेल नाही आणि येण्याची शक्यताही नाही. पण पाण्यात एक-दीड टक्का अ‍ॅगरोज उकळून खाचांच्या प्लेटमध्ये थेंब थेंब ओतलं, की पेशींना चिकटायला जागाच उरत नाही. नाइलाजानं त्या एकमेकींना धरतात आणि दोन-तीन दिवसांत त्यांचा गोळा होतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा तिसऱ्या वर्षाची मुलं आळीपाळीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती. एकजण म्हणाला, "मॅडम, हे तर बुंदीसारखं दिसतंय." दिसत होतं खरं. औषध दिलं की बुंदी किती दिवसांत कुस्करते, हे मोजायला आणखी फारसं काही लागत नाही.

औषधांची पहिली चाळणी लावायला एवढं पुरतं. मात्र यात पेशींना फक्त एकमेकींचा आधार आहे, जाळी नाही. आणि काही पेशींचे गोळे इतके सैल होतात की पिपेटनं उचलताच विस्कटतात. जाळी द्यायची तर पुढे जावं लागतं, आणि तिथे निसर्गाची खरी दुकानदारी सुरू होते.

तपकिरी शैवालातून, उदाहरणार्थ सरगॅसममधून, अल्जिनेट मिळतं. मालवणच्या खडकांवर ओहोटीला सरगॅसम उघडं पडतं, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तर ते विकण्यासाठी गोळा करतात. अल्जिनेटच्या द्रावात पेशी मिसळून तो कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबाथेंबानं सोडला, की साबुदाण्यासारखे मणी बनतात आणि पेशी आत अडकतात. पुन्हा सायट्रेटच्या पाण्यात टाकले की मणी विरघळतात आणि पेशी जिवंत परत मिळतात. ही सोय मॅट्रिजेलमध्येही इतकी सहज नाही. पण अल्जिनेटला पेशी धरत नाहीत. त्यांच्या हातांना तिथे पकडच सापडत नाही. कोळंबीच्या सालांपासून निघणाऱ्या कायटोसानमध्ये मिसळून, जिलेटिन घालून लोक हे उणेपण भरून काढतात. २००८ साली काही संशोधकांनी कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यावरच पेशी वाढवून दाखवल्या. २०१४ साली कॅनडात ओटावाच्या अँड्र्यू पेलिंग यांच्या गटानं सफरचंदाच्या चकत्या साबणासारख्या रसायनानं धुऊन त्यातल्या मूळच्या पेशी काढून टाकल्या आणि उरलेल्या सेल्युलोजच्या जाळीत सस्तन प्राण्यांच्या पेशी वसवल्या.

हे सगळं वाचून मन हुरळतं. हुरळावं, पण जपून. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेतून २००९ साली कागदावर पेशी वाढवण्याची युक्ती आली. शोषक कागदाच्या थरांत पेशी भरायच्या, थरावर थर रचायचे, आणि शेवटी एकेक कागद सोलून वरच्या थरात काय झालं, खालच्या थरात काय झालं ते वाचायचं. गाठीच्या आतबाहेरचा फरक मोजायची इतकी साधी, इतकी हुशार रीत दुसरी नाही. पण त्या कागदांत पेशी ज्या जेलमध्ये कालवून भरल्या, ते मॅट्रिजेलच होतं. कागद स्वस्त, भिजवण उंदराची.

माझं स्वतःचं पारडं रेशमाकडे झुकतं, हे लपवत नाही. खरगपूरच्या आयआयटीत सुभाष कुंडू यांच्या गटानं वर्षानुवर्षं जंगली रेशमावर काम केलं आणि टसरच्या रेशीम प्रथिनावर गाठी वाढवून कॅन्सरच्या औषधांची परीक्षा घेतली. टसर निवडण्यामागे एक रेखीव कारण आहे. आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तीन अमिनो आम्लांचा एक क्रम पेशींच्या हातांना नेमका पकडता येतो. हा क्रम टसरच्या फायब्रॉइनमध्ये, म्हणजे धाग्याच्या प्रथिनात, निसर्गतः आहे. तुतीवरच्या रेशमात नाही. म्हणजे अल्जिनेटला जे बाहेरून चिकटवावं लागतं, ते गडचिरोली-भंडाऱ्याच्या जंगलात ऐनाच्या नाहीतर अर्जुनाच्या झाडावर पोसलेली अळी फुकट देते. तिथले ढिवर पिढ्यान्‌पिढ्या हे कोष काढत आले आहेत. अडचणही तितकीच खरी आहे. तुतीचा कोष धुण्याच्या सोड्यात उकळला की डिंक निघून जातो आणि उरलेला धागा लिथियम ब्रोमाइडमध्ये विरघळतो. टसरचा धागा तसा दाद देत नाही. म्हणून संशोधक कोषाच्या वाटेला न जाता, कोष विणायच्या बेतात असलेल्या अळीच्या ग्रंथीतूनच प्रथिन काढतात. ते काम ऐनाच्या झाडाजवळ करायचं की शीतपेटीत अळ्या घालून शहरात आणायच्या, यावर कुणी विचार केल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता मुद्द्यावर येते. स्वदेशी, नैसर्गिक, स्वस्त हे तीन शब्द एकत्र आले की आपल्याकडे टाळ्या पडतात आणि प्रश्न विचारणं थांबतं. वास्तविक इथेच पहिला प्रश्न विचारायला हवा: पुढच्या वेळी हेच मिळेल का? रेशीम सोड्यात वीस मिनिटं उकळलं की एक तास, यावर प्रथिनाची साखळी किती तुटली ते ठरतं, आणि त्यावर जेल लवकर धरणार की उशिरा, मऊ होणार की घट्ट, तेही ठरतं. अल्जिनेट कुठल्या शैवालाचं आणि कुठल्या ऋतूत काढलेलं, यावर त्यातल्या दोन साखरांचं प्रमाण बदलतं आणि मण्याचा कडकपणाही. किनाऱ्यावरून आणलेल्या मालात जंतूंच्या भिंतींचे विषारी अवशेष असतात. पेशी त्यांनी बिथरतात आणि आपण समजतो औषधाचा परिणाम झाला. कडकपणा तर सगळ्यात नाजूक. निरोगी स्तनाची ऊती गाठीच्या मानाने कितीतरी मऊ असते, आणि नुसत्या कडक जेलमध्ये ठेवल्या तरी निरोगी पेशी बिघडल्यासारख्या वागू लागतात. त्यामुळे 'घरगुती जेल' आज मऊ आणि उद्या कडक निघालं, तर आपण कॅन्सर मोजत नसतो, आपली उकळ मोजत असतो.

मॅट्रिजेलवाल्यांनी यावर हसू नये. त्यांच्या बाटलीची २०१० साली बारकाईनं तपासणी झाली, तेव्हा त्यात अठराशेंवर प्रथिनं सापडली, आणि दोन बॅचमधलं साम्य निम्म्याहून थोडंच अधिक होतं. यादीत वाढीला चालना देणारे घटक होते, जे औषधाचा परिणाम झाकूही शकतात. म्हणजे महाग आणि आयात केलेलं असूनही ते एकसारखं नाही. तरीही लोक ते घेतात, कारण त्यावर हजारो शोधनिबंध आहेत आणि परीक्षकाला दुसऱ्या कशाबद्दल पटवत बसावं लागत नाही. सवयीचं हे वजन फार मोठं असतं.

विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला मी जे म्हणते आहे ते पटकन कळेल, कारण तो दर जूनमध्ये बियाणं घेतो. महाबीजच्या सोयाबीनच्या पिशवीवर लॉट नंबर असतो, उगवणशक्तीची टक्केवारी असते, तपासणीची तारीख असते. सोयाबीनला किमान सत्तर टक्के उगवण लागते. शंका आली तर शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून आठवडाभरात स्वतः खात्री करतो. त्या पिशवीमागे पैदासकार बियाणं, पायाभूत बियाणं, प्रमाणित बियाणं अशी तीन पायऱ्यांची साखळी असते, आणि ती साखळी चालवणं हे सरकारनं आपलं काम मानलं आहे. नव्या वाणाचं कौतुक पेपरात छापून येतं. पण पीक उगवतं ते या कंटाळवाण्या साखळीमुळे. रेशमाच्या आणि शैवालाच्या जेलला ही साखळी नाही. आपल्याकडे नवे वाण रग्गड आहेत, टॅग लावलेली पिशवी एकही नाही.

का नाही, ते उघड आहे. पीएचडी नव्या गोष्टीवर मिळते. 'केळीच्या सोपटापासून ट्यूमर स्कॅफोल्ड' असा प्रबंध होऊ शकतो, निबंध छापता येतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. 'टसर फायब्रॉइनच्या चाळीस बॅचमधला फरक' या विषयाला मार्गदर्शक मिळणार नाही आणि मिळाला तर परीक्षक विचारतील, यात नवीन काय? अनुदान देणाऱ्या समित्याही नावीन्याच्या रकान्यात गुण देतात. परिणामी दरवर्षी एक नवा पदार्थ जन्माला येतो, त्यावर दोन-तीन पेशीरेषा (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या एकाच जातीच्या पेशी) वाढतात, निबंध निघतो, मुलगी किंवा मुलगा पोस्टडॉकला परदेशी जातो, आणि त्याचं जेल त्याच्याबरोबर संपतं. शेजारच्या विभागातला माणूससुद्धा ते वापरत नाही. तो मॅट्रिजेल मागवतो.

पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचं उदाहरण मला इथे सारखं आठवतं. १९८६ साली प्राण्यांच्या ऊती आणि पेशी यांची राष्ट्रीय सुविधा म्हणून त्याची सुरुवात झाली. देशभरच्या प्रयोगशाळांना तपासलेल्या पेशीरेषा वाढवून पाठवायच्या, हे त्याचं मूळ काम. त्याआधी लोक एकमेकांकडून पेशी मागून आणत, आणि आपल्या बाटलीत नेमकं काय वाढतं आहे याची खात्री नसे. पेशींची अशी पेढी आपण चाळीस वर्षांपूर्वी काढू शकलो. पेशी ज्यावर वाढतात त्या पदार्थाची पेढी काढायला तेवढीच अक्कल आणि बहुधा त्याहून कमी पैसा लागेल. सुरुवातीला दोनच पदार्थ निवडावेत, माझ्या मते अल्जिनेट आणि रेशीम. प्रत्येक बॅचवर साखळीची लांबी, जेल धरायला लागणारा वेळ, कडकपणा, विषारी अवशेषांचं प्रमाण लिहावं. ठरलेल्या तीन पेशीरेषा, त्यात एक आपल्या तोंडाच्या कॅन्सरची, प्रत्येक बॅचवर वाढवून पाहाव्यात आणि मॅट्रिजेलच्या शेजारी ठेवून निकाल जाहीर करावेत. वाईट निघाले तर तेही. आणि पुडी साध्या कुरिअरनं, ड्राय आइसशिवाय जाईल अशी वाळवून विकावी. अल्जिनेट भुकटी म्हणूनच येतं, रेशमालाही वाळवून ठेवता येतं. माझ्या वॉचमननं सुट्टीभर केबिनमध्ये ठेवलं तरी चालेल अशी पुडी.

यावर पहिला आक्षेप असा, की अहो, कॅन्सर संशोधनाच्या खर्चात जेलचा खर्च तो केवढा! यंत्रं कोटींची, औषधं लाखांची, आणि तुम्ही एका बाटलीवरून वाद घालता. मोठ्या संस्थेपुरतं हे खरं आहे. तिथे बाटलीची किंमत हिशेबात दिसतही नाही. पण किंमत ठरवते की हे काम कोण करणार. आमच्यासारख्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक आहे, उबवणी पेटी आहे, लॅमिनार हूड कसाबसा आहे आणि डोकी आहेत. बाटली नाही, म्हणून आमची मुलं पदवी घेतात ती सपाट पेशींची चित्रं पाहून. आणखी एक गोष्ट आहे. रुग्णाच्या गाठीचा तुकडा घ्यायचा, त्यातून गोळे वाढवायचे आणि कोणतं औषध लागू पडेल हे रुग्णाला द्यायच्या आधी गोळ्यांना देऊन बघायचं, हे काम जगात काही ठिकाणी चालू झालं आहे. ते उद्या इथल्या सार्वजनिक रुग्णालयात यावं असं वाटत असेल, तर हिशेब एका प्रयोगाचा राहत नाही, रोजच्या ओपीडीचा होतो. तिथे दर रुग्णामागे लागणारी प्रत्येक बाटली मोजली जाईल.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. आतड्यातल्या मूळ पेशींपासून छोटं आतडंच घडवायचं असेल, हान्स क्लेव्हर्स यांच्या नेदरलँड्समधल्या गटानं २००९ साली घडवलं तसं, तर त्या पेशींना लॅमिनिन हे भोवतीच्या जाळीतलं प्रथिन लागतं आणि लॅमिनिनची रास म्हणजे मॅट्रिजेल. रेशीम, शैवाल, अंडं यांपैकी कशातच ते नाही. हे मान्य करायला हवं आणि जिथे लागतं तिथे मॅट्रिजेल बिनदिक्कत वापरायला हवं. माझा हट्ट तिथे नाही. पण देशातल्या औषध-चाचण्यांतलं बरंच काम हे कॅन्सरच्या पेशींचे गोळे करून त्यांना औषध देण्याचं आहे. त्या कामाला लॅमिनिनचा राजेशाही पाट मांडण्याचं कारण नाही.

नैसर्गिक म्हणजे अमर्याद, असंही कुणी समजू नये. २०१५ साली मोरोक्कोनं आपल्या किनाऱ्यावरच्या जेलिडियम शैवालाच्या तोडणीवर आणि निर्यातीवर बंधनं आणली, आणि जगभरच्या प्रयोगशाळांना आगरची टंचाई जाणवली. एकाच किनाऱ्यावर, एकाच जातीवर भिस्त ठेवली की तो पदार्थही आयातीच्या बाटलीइतकाच बेभरवशाचा होतो. शैवाल खरवडून खडक उघडे पाडायचे नसतील तर लागवड करावी लागेल, आणि लागवडीची किंमत 'स्वस्त' या शब्दात आधीच धरावी लागेल.

वेळ योग्य आहे असं मी म्हणते, त्याला एक कायदेशीर कारण आहे. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्या यांच्या नियमांत बदल केला आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांबरोबर पेशींवर आधारित त्रिमितीय पद्धतींनाही जागा दिली. त्याआधी तीन महिने अमेरिकेनं तसाच कायदा केला होता. प्राण्यांचा छळ थांबावा हा यामागचा एक हेतू. मग प्राण्यांविना म्हणून मिरवणारी ही चाचणी आपण उंदरांच्या अंगात गाठी वाढवून काढलेल्या अर्कावर करणार असू, तर त्या हेतूला कुणीतरी कोपऱ्यात घेऊन समजावलं पाहिजे. आणि नियम आला म्हणजे मोजमाप आलं. औषध नियंत्रकापुढे ठेवलेला निकाल कुठल्या जेलवरचा, कुठल्या बॅचवरचा, असा प्रश्न येणारच. तेव्हा टॅग असलेली एकमेव पिशवी परदेशी असेल, तर भारतीय औषध कंपन्यांना ती घ्यावीच लागेल.

इथेच काही करून दाखवता येतं, याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेली नेक्स-कार-नाइन्टीन ही पेशी-उपचारपद्धती ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली. परदेशात ज्याला तीन-चार कोटी रुपये लागतात, ते इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आलं. सामान्य माणसाला तीस लाखही परवडत नाहीत, तेव्हा विजयाचे ढोल वाजवायला नकोत. पण किंमत कशी उतरली, त्यात शिकण्यासारखं आहे. कुणी अद्‌भुत नवी पेशी शोधली म्हणून ती उतरली नाही. उपचाराला लागणाऱ्या गोष्टी एकेक करून इथे बनवल्या, तपासल्या आणि दर वेळी सारख्याच बनतील असं पाहिलं, म्हणून उतरली.

माझ्या फ्रीजमध्ये आत्ता तुतीच्या रेशमाच्या द्रावाच्या दोन छोट्या बाटल्या आहेत. मोठ्या संस्थेतल्या एका जुन्या मैत्रिणीनं प्रेमानं पाठवलेल्या. जालन्याच्या बाजारातले कोष, तिच्या विद्यार्थिनीनं उकळून, विरघळवून, पिशवीत पाणी बदलत बदलत शुद्ध केलेले. एकीचं सुरेख जेल होतं, मुलांनी त्यात पेशीही वाढवल्या. दुसरी तीन आठवडे झाले तरी पाण्यासारखी पातळ आहे. दोन्हींवर एकच लेबल: 'रेशीम, मार्च'. ही किती मिनिटं उकळली होती हे विचारायला मी मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, ती मुलगी जर्मनीला गेली. तिची वही बघते आणि सांगते." त्याला आता दोन महिने होत आले.